संप बनवताय? आधी लाईट घालवून बघा

मागच्या व्हिडिओत अ‍ॅक्रिलिकचा संप जोडताना दाखवला होता. त्यातला हिशोब व्हिडिओत पटापट निघून गेला, म्हणून तो इथे सावकाश लिहितोय. दुकानात 'संप' म्हटलं की अजूनही कुणीतरी विचारतं, "कुणाचा? एसटीचा?" तर नवीन मंडळींसाठी एका वाक्यात: संप म्हणजे मोठ्या टाकीखाली कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोने तिच्यात उतरतं, गाळून स्वच्छ होतं आणि पंप ते परत वर ढकलतो. गाळणी, हीटर, पंप सगळं खाली लपतं, एकूण पाणी वाढतं आणि अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना भरपूर जागा मिळते.

आता माझी पहिली ऑर्डर सांगतो. दुकान नवीन होतं आणि हातातलं काम सोडायचं नाही ही खुमखुमी होती. एका काकांच्या फ्लॅटमध्ये ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच टाकी. कपाट आधीच बनलेलं, दार लहान. त्या दारातून जाईल एवढा संप मी बनवला: आतून २४ × १२ × १४ इंच. चालू केला, मस्त चालला. काकांनी चहा पाजला, मी पैसे घेऊन घरी आलो. गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी लाईट गेली. घरी कुणी नव्हतं. संध्याकाळी फोन आला, "अरे, कपाटाखालून पाणी येतंय, आणि पंप ओरडतोय."

जॉइंट एकही लीक नव्हता. चूक मापात होती, आणि ती मी टेपने नीट मोजून केली होती.

काय झालं ते बघा. पंप थांबला की वरच्या टाकीचं पाणी लगेच थांबत नाही. रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, त्यातून पाणी उलटं खाली ओढलं जातं, आणि तोंड उघडं पडेपर्यंत ते येतच राहतं. काकांच्या टाकीत ते तोंड २ इंच बुडालेलं होतं. लिटर काढायची सोपी रीत: लांबी × रुंदी × उंची इंचात, भागिले ६१. म्हणजे ४८ × १८ × २ भागिले ६१, साधारण २८ लिटर. पाइपमधलं आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं २ लिटर धरा. एकूण ३० लिटर पाणी खाली येणार.

संपात जागा किती होती? पाणी १० इंचावर चालू, वर ४ इंच मोकळे. २४ × १२ × ४ भागिले ६१, म्हणजे १९ लिटरसुद्धा नाही. उरलेलं ११ लिटर कपाटात.

पण खरी गंमत लाईट आल्यावर झाली. पंपाने वरची टाकी पुन्हा भरली, आणि जे ११ लिटर जमिनीवर गेलं होतं तेवढी तूट शेवटच्या कप्प्यात आली. संपात पाणी कमी-जास्त झालेलं फक्त त्याच कप्प्यात दिसतं, बाकीचे कप्पे पार्टिशनच्या उंचीवरच राहतात. तो कप्पा मी ८ इंच लांबीचा ठेवला होता, म्हणजे इंचाला दीड लिटर. पाणी सात इंच खाली गेलं. पंप हवा ओढायला लागला आणि रात्रीपर्यंत बसला. मासे वाचले, कारण काकांनी जुना एअर पंप शोधून लावला. कपाटाचं प्लाय फुगलं, पंप गेला. दोन्ही मी माझ्या खिशातून भरून दिलं. त्या ऑर्डरचा नफा तर गेलाच, वर पुढच्या दोन ऑर्डरचाही गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून आता मी संपाचं माप कपाटापासून सुरू करत नाही. लाईट गेल्यावर किती पाणी येईल इथून सुरू करतो. त्याच ४ फुटी टाकीला आज मी आतून ३६ × १४ × १६ इंचाचा संप देतो. इंचाला ८.२६ लिटर. पाणी १० इंचावर चालवायचं. ३० लिटर आलं तर साडेतीन इंचांहून थोडं जास्त चढतं, म्हणजे १४ इंचाच्या आत थांबतं. वर दोन इंचांहून जास्त शिल्लक. कपाटाच्या दारातून जात नसेल तर सुताराला बोलवा, दार मोठं करा. गिऱ्हाईक कुरकुर करेल, करू दे.

कुणी म्हणेल, रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक पाडलं तर? हवा शिरते आणि उलटं ओढणं थांबतं. बरोबर आहे, मीही पाडतो. पण त्या भोकात शेवाळ बसतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला तर त्यात गोगलगाय अडकते. दोन्ही लावा, पण हिशोब करताना दोन्ही नाहीत असं धरा.

आता अ‍ॅक्रिलिकच का? खरं सांगू, साधा चौकोनी संप असेल आणि जागा मोकळी असेल तर काच स्वस्त पडते, आणि मी गिऱ्हाईकाला तसं सांगतो. अ‍ॅक्रिलिक त्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं असतं, जिन्यात आपटलं तर सहसा फुटत नाही, आणि पाइपसाठी भोकं सहज पडतात. ओरखडे मात्र लगेच पडतात.

बॉडीला १० मिमी आणि पार्टिशनला ६ मिमी शीट घ्या. बॉडी ६ मिमीची केली तर लांब बाजू पोट काढते. वरच्या काठाला आतून दोन-तीन इंची पट्टीची चौकट चिकटवा, तिने बाजू ताणून राहते. शीट 'कास्ट' मागा. आणि लेझरने कापून आणू नका. कडा चकाचक दिसते, पण उष्णतेने तिच्यात ताण राहतो आणि द्रावण लागलं की केसासारख्या चिरा पडतात. टेबल सॉ किंवा राउटरने कापलेली कडा घ्या. कटिंगवाल्याला माप देताना इंच आणि मिलिमीटरचा घोळ करू नका. आतलं माप ३६ इंच असेल तर पुढची-मागची शीट ३६ इंच अधिक दोन जाडी, म्हणजे २० मिमी जास्त. माझ्याकडे एक पत्रा याच घोळाने अजून भिंतीला टेकून उभा आहे.

जोडायला सिलिकॉन चालत नाही. ते अ‍ॅक्रिलिकला धरून राहत नाही, पापुद्र्यासारखं निघतं. इथे द्रावणाने दोन्ही कडा विरघळून एकजीव करायच्या असतात. फॅब्रिकेटर सहसा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन वापरतात. दोन्ही विषारी आहेत हे लक्षात ठेवा. बंद गाळ्यात काम नको, दार-खिडक्या उघड्या, पंखा बाहेर वाफ फेकणारा, जवळ लहान मूल नको. साध्या ग्लोव्हजमधून हे द्रावण आरपार जातं, लागलं तर लगेच काढून टाका. हे जमणार नसेल तर तुम्ही डिझाइन आणि माप द्या, जोडणी फॅब्रिकेटरकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही, मीही वर्षभर तसंच केलं.

जोडताना कडा इतकी सपाट बसली पाहिजे की मधून कागद सरकू नये, कारण द्रावण फट भरत नाही. बारीक सुईच्या सिरिंजने कडेला लावा, ते आपोआप आत ओढलं जातं. पावसाळ्यात हवा दमट असताना जॉइंट पांढरा पडतो, तेव्हा कोरडा दिवस बघा. एक दिवस हलवायचं नाही.

पार्टिशनमध्ये नवीन माणूस फक्त एकाच ठिकाणी चुकतो. पंपाच्या आधी बुडबुडे अडवायला तीन पट्ट्या एकेक इंच अंतराने येतात. पहिली आणि तिसरी तळाला चिकटलेली, १० इंच उंच. मधली तळापासून दीड इंच उचललेली आणि पाण्याच्या वर येणारी. पंपाचा कप्पा ११-१२ इंच लांबीचा ठेवा. उन्हाळ्यात पाणी उडतं ते तिथूनच कमी होतं. हीटर उघडा अ‍ॅक्रिलिकला टेकवू नका, जाळीत ठेवा.

पाण्याची टेस्ट दुकानातच. खाली वर्तमानपत्र पसरा, काठोकाठ भरा, ४८ तास ठेवा. कागदावर थेंब लगेच दिसतो. कोटेशनमध्ये हे दोन दिवस धरा. माझ्या वहीत संपाचं काम म्हणजे कापायला अर्धा दिवस, जोडायला एक दिवस, टेस्टला दोन, बसवायला अर्धा. नवीन दुकानदार शीटचे पैसे आणि एका दिवसाची मजुरी लावतो आणि मग टेस्ट न करता माल उचलतो.

गिऱ्हाईकाच्या घरी सगळं चालू झालं की पंपाचं बटण स्वतः बंद करा. पाणी चढताना गिऱ्हाईकाला उभं करून दाखवा. थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद, असं तीनदा. मग पंप चालू असताना शेवटच्या कप्प्यात जिथे पाणी आहे तिथे पक्क्या मार्करने बाहेरून रेष मारा. ही रेष मी दुसऱ्या एका घरी शिकलो. तिथे संप बरोबर मापाचा होता, पण आजींना पाणी कमी वाटलं आणि त्यांनी प्रेमाने दोन बादल्या ओतल्या. संध्याकाळी लाईट गेली.

तेव्हापासून माझ्या बिलावर खाली एक ओळ छापलेली असते: "लाईट बंद करून दाखवली. रेषेच्या वर पाणी भरू नये." तिच्यापुढे गिऱ्हाईकाची सही घेतो, आणि घरात जो पाणी भरणार असेल त्यालाही रेष दाखवूनच निघतो.