बदललेली अट आणि अडकलेला इसार

नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझर हे गाव तेथील सिद्धिविनायकामुळे विदर्भातील भाविकांना परिचित आहे. स्थानिक परंपरा या गावालाच महाभारतातील एकचक्रानगरी मानते. ही ओळख इतिहासाच्या कसोटीस उतरते की नाही, हा प्रश्न निराळा. पण लाक्षागृहातून निसटलेले पांडव कुंतीसह एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी राहिले होते, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. बकासुराकडे माणूस पाठविण्याची पाळी त्या घरावर आली, तेव्हाही आपले संकट आश्रितांवर लोटण्यास यजमान राजी नव्हता. कुंतीने आग्रह धरला म्हणून भीम गेला. घर देणारा आणि घरात राहणारा यांच्यातील नात्याचे याहून उंच उदाहरण सापडणे कठीण. आजच्या व्यवहारात ती उंची कोणी मागत नाही. ठरलेला शब्द ठरल्याप्रमाणे राहावा, एवढीच माफक अपेक्षा असते; आणि नेमकी तीच वारंवार मोडते.

जून महिना जवळ आला की केळझर-सेलूकडील मुले शिक्षणासाठी वर्धा किंवा नागपूर गाठतात. बदली झालेले शिक्षक आणि कारकून नव्या गावी किरायाची खोली शोधू लागतात. खोल्या थोड्या आणि मागणारे फार, अशी स्थिती असली म्हणजे घरमालक सांगतो, ‘इसार देऊन ठेवा, मग दुसऱ्याला देत नाही.’ समजा, किराया महिना चार हजार आणि अनामत दोन महिन्यांची, असे ठरले आणि दोन हजार रुपये इसार दिला. आठ दिवसांनी सामान घेऊन माणूस दारात उभा राहतो, तेव्हा ऐकू येते, की किराया आता पाच हजार आणि अनामत तीन महिन्यांची. नवी अट पटत नाही म्हणून त्याने इसार परत मागितला, तर ठरलेले उत्तर मिळते : ‘खोली आम्ही देतोच आहोत, तुम्हीच नाही म्हणता, इसार परत मिळत नसतो.’

या उत्तरात एक चलाखी दडलेली आहे. इसार परत मिळत नसतो, हा नियम अर्धाच खरा आहे. बैलबाजारात असो की शेतीच्या सौद्यात, इसार हा दोन्ही बाजूंना बांधणारा दोर आहे. देणारा फिरला तर त्याचा इसार बुडतो. घेणारा फिरला तर त्याने तो परत केला पाहिजे. मग फिरला कोण? चार हजारांच्या खोलीसाठी दिलेला इसार पाच हजारांच्या खोलीला लागू पडत नाही. खोलीच्या भिंती त्याच असतील, सौदा मात्र तो नव्हे. नव्या अटीवर खोली देऊ करणे म्हणजे जुना करार पाळणे नव्हे. तो मोडून दुसरा प्रस्ताव पुढे ठेवणे होय. तो नाकारण्याचा अधिकार समोरच्याला आहे, आणि नाकारल्याबद्दल त्याला दंड होऊ शकत नाही.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याच्या कलम 62 नुसार दोन्ही पक्षांच्या संमतीने करार बदलता येतो. एकाच्या लहरीने नव्हे. एका पक्षाने करार पाळण्याचे साफ नाकारले, तर दुसऱ्याला तो संपुष्टात आणण्याची मुभा कलम 39 देते. असा करार रद्द करणाऱ्याचे नुकसान झाले असेल, तर भरपाई मागण्याचा मार्गही त्याच कायद्यात आहे. मुळात करार पक्का झालाच नव्हता, असे घरमालकाने म्हटले, तर त्याची बाजू अधिकच लंगडी होते. करारच नसेल तर पैसे ठेवून घेण्याचा आधार कोणता?

सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नाचा वेळोवेळी विचार केला आहे. हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या प्रकरणात 1969 साली न्यायालयाने सांगितले, की इसार ही करारपूर्तीची हमी असते आणि खरेदीदाराच्या कसुरीमुळे व्यवहार फिसकटला तर ती जप्त होते. म्हणजे जप्तीचे मूळ देणाऱ्याच्या कसुरीत आहे. त्याच वर्षी मौला बक्ष यांच्या खटल्यात लष्कराला बटाटे, अंडी इत्यादी पुरविणाऱ्या कंत्राटदाराची अनामत सरकारने जप्त केली होती. नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असताना ते सिद्ध न करता ती ठेवून घेता येणार नाही, असा निर्णय झाला. पुढे 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात दिल्ली विकास प्राधिकरणालाही लिलावातील इसाराची रक्कम परत करावी लागली. कसूर खरेदीदाराची नव्हती आणि तोच भूखंड नंतर अधिक किमतीस विकला गेल्याने प्राधिकरणाचे नुकसानही झाले नव्हते. ही प्रकरणे घरभाड्याची नव्हेत. पण त्यांतील न्याय दोन हजारांच्या इसारालाही तितकाच लागू पडतो.

मग भाडे नियंत्रणाचा कायदा काय करतो? विदर्भात दीर्घकाळ 1949 चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश अमलात होता. घर खाली करण्याची नोटीस देण्यापूर्वी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. 31 मार्च 2000 पासून संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्याच्या कलम 55 ने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. असा करार नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पण हे संरक्षण जागा मिळालेल्यासाठी आहे. इसार देऊन उंबरठ्याबाहेर उभा असलेला माणूस अजून भाडेकरूच झालेला नसतो. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घराच्या अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली. पण खोली अडवून ठेवण्यासाठी दिलेल्या रकमेचा वेगळा विचार त्यात नाही. इंग्लंडने मात्र 2019 च्या कायद्याने अशी रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापुरती मर्यादित केली. घरमालकाने माघार घेतली तर ती सात दिवसांत परत करण्याचे बंधनही घातले. आपल्याकडे एवढी साधी तरतूद करणे अवघड नाही.

घरमालकाची बाजू नाहीच, असे नाही. इसार घेऊन त्याने चार गिऱ्हाईके परत पाठविली आणि हंगाम सरल्यावर पहिला माणूस ‘दुसरीकडे सोय झाली’ म्हणून मोकळा झाला, तर त्याची खोली रिकामी पडते. असा इसार त्याने नुकसानीपुरता ठेवून घेतला, तर तक्रारीला जागा नाही. प्रश्न स्वतः अट बदलून वर इसारही गिळण्याचा आहे.

खरी अडचण कायद्याची नाही, कागदाची आहे. दोन हजारांसाठी वकील लावून दिवाणी न्यायालयात जाणे परवडत नाही, आणि हे घरमालकाला चांगले ठाऊक असते. म्हणून उपाय पैसे देतानाच केला पाहिजे. विसारपावतीवर पाच गोष्टी असाव्यात : खोली कोणती, किराया किती, अनामत किती, राहायला केव्हा यायचे, आणि घरमालकाने अट बदलल्यास किंवा खोली न दिल्यास इसार किती दिवसांत परत मिळेल. रक्कम पाच हजारांवर असेल तर एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे. पावती देण्यास कोणी कां-कूं करील, तर पैसे रोख न देता मोबाइलवरून द्यावेत आणि ठरलेल्या अटी लगेच संदेशाने कळवाव्यात. तोही पुरावाच आहे.

वाद झालाच, तर प्रथम लेखी मागणी करावी. दावा लावण्यास साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण तोवर थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज केल्यास दाव्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते. तेथे झालेल्या तडजोडीला न्यायालयीन हुकूमनाम्याचे बळ असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असणारे यांना मोफत कायदेशीर मदतही मिळते.

दोन हजार रुपये ही कोणाला क्षुल्लक रक्कम वाटेल. वडिलांनी सोयाबीन विकून हातात ठेवलेल्या पैशांतून वर्ध्यात खोली पाहणाऱ्या मुलाला ती महिन्याभराच्या खाणावळीएवढी आहे. ती बुडाली म्हणजे नको असलेली अटही तो मुकाट्याने मान्य करतो. घरमालकाचा हिशेबही तोच असतो. चार ओळींची पावती तो हिशेब चुकवू शकते. ती मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. शब्द पाळणाऱ्या घरमालकाला ती देताना तो वाटत नाही.