नाल्याच्या पलीकडची बाटली

हावड्याहून बंडेलला जाणारी लोकल पकडावी आणि खिडकीपाशी जागा मिळवावी. आधी श्रीरामपूर येतं. 1845 पर्यंत ते डेन्मार्कचं होतं. मग चंदननगर, फ्रान्सचं. त्याला खेटूनच चुचुडा, 1825 पर्यंत डचांचं. आणि शेवटी बंडेल, तिथे पोर्तुगीजांचं चर्च. तासाभरात, लोकलच्या तिकिटात, चार यूरोपीय देश! (याच पश्चिम काठाने 1742 मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या फौजा आल्या होत्या आणि त्यांच्या धास्तीने पलीकडच्या इंग्रजांनी कलकत्त्याभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला होता. बंगाली आया पोरांना अजूनही ‘बर्गी (म्हणजे मराठी घोडेस्वार) आले’ म्हणून झोपवतात, हे मराठी प्रवाशाने शेजाऱ्याला ओळख सांगण्यापूर्वी लक्षात ठेवलेलं बरं.)

चंदननगर इंग्रजांच्या नाकासमोर, अधूनमधून त्यांच्या ताब्यात जात-येत, 1950 पर्यंत फ्रेंचांकडे राहिलं. बंगाली लोक त्याला फराशडांगा म्हणत. फ्रेंच कंपनीची जहाजं ब्रिटनीतल्या लोरियां बंदरातून सुटत आणि आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिन्यांनी बंगालच्या उपसागरात शिरत. त्यांच्या पोटात फ्रान्सची तांबडी वाइनही असे. इकडे कलकत्त्यातले इंग्रजही बोर्दोच्या वाइनवर जीव टाकून होते. फ्रान्सशी लढाई चालू असली तरी जेवणाच्या टेबलावर तह असे.

आता या प्रवासाचा विचार करा. सहा-सहा महिने लाकडी पिंपात हिंदकळणं, जाताना विषुववृत्त दोनदा ओलांडणं आणि वर उष्ण कटिबंधातली काहिली. द्राक्षाच्या रसाचा खरं तर व्हिनेगर व्हायला हवा. तो होत नसे, याची कारणं पाहिली की थक्क व्हायला होतं. द्राक्षाचा गर जवळजवळ बिनरंगाचा असतो. तांबड्या वाइनचा रंग येतो सालीतून. साल आणि बिया रसात मुरत ठेवल्या की रंगाबरोबर टॅनिनही उतरतं, म्हणजे जिभेला करकरीत ओढून धरणारा तुरटपणा. हे टॅनिन हवेतल्या प्राणवायूचा मारा आधी स्वतःवर घेतं. काळ जातो तसे त्याचे कण एकमेकांना जोडले जातात आणि वाइन मऊ लागू लागते. दुसरी युक्ती डच व्यापाऱ्यांनी फैलावली: रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळायची, म्हणजे आतले जंतू मरतात. तिसरी युक्ती जराशी लबाडीची. बोर्दोची वाइन फिकी वाटली की व्यापारी तिच्यात ऱ्होन नदीकाठची दणकट हर्मिटाज किंवा स्पेनची गडद वाइन मिसळत. इंग्रज गिऱ्हाइकाला हीच चव ‘अस्सल’ वाटे.

पण कहाणीचा खरा नायक लुई-गास्पार देस्तुर्नेल. बोर्दोजवळच्या सँ-एस्तेफ गावी 1811 च्या सुमारास त्याने आपल्या टेकडीवरच्या द्राक्षांची वेगळी वाइन काढायला सुरुवात केली आणि ती थेट हिंदुस्थानात विकायला पाठवली. काही माल न खपता परत आला. त्याने चाखून पाहिला, तर तो घरी राहिलेल्या मालापेक्षा सरस निघाला! उष्णतेने आणि हेलकाव्यांनी वाइन लवकर मुरली होती. असा हिंदुस्थान बघून परतलेला माल तो वेगळी खूण करून विकू लागला. पूर्वेच्या नादापायी त्याने आपल्या मळ्यावर पॅगोड्यांचे मनोरे उभारले आणि झांझिबारच्या राजवाड्यातला कोरीव दरवाजा आणून बसवला. आजही त्याच्या मळ्याच्या, म्हणजे कॉस देस्तुर्नेलच्या, लेबलावर ते मनोरे दिसतात. गंमत म्हणजे या महालात राहायला कुणीच नव्हतं. तो बांधलाच होता पिंपं ठेवायला. म्हणजे ते होतं एक गोदाम! ‘सँ-एस्तेफचा महाराजा’ म्हणून मिरवलेला हा माणूस कर्जात बुडाला, 1852 मध्ये त्याला मळा विकावा लागला आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

आणखी दोन वर्षं जगला असता तर त्याला समाधान मिळालं असतं. 1855 मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. बोर्दोच्या दलालांना मळ्यांची प्रतवारी करायला सांगितलं गेलं. त्यांनी घोट घेत बसण्याऐवजी वह्या उघडल्या आणि कुठल्या मळ्याला वर्षानुवर्षं काय भाव मिळतो, त्यावरून पाच वर्ग पाडले. कॉस देस्तुर्नेल दुसऱ्या वर्गात बसलं. ही यादी आजही चालू आहे. तिच्यात ठळक बदल झाला तो एकच: 1973 मध्ये मूतों रोथशिल्डला दुसऱ्यातून पहिल्या वर्गात बढती मिळाली. दरम्यान मळ्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, वाढल्या, मालक बदलले, वर्ग मात्र नावाला चिकटून राहिला. भावावरून वर्ग ठरला आणि आता वर्गावरून भाव ठरतो. फ्रेंच वाइन स्वस्तात चांगली मिळवायची गुरुकिल्ली माझ्या मते या एका गोष्टीत आहे. बाटलीतल्या द्राक्षांचे पैसे थोडेच असतात. बाकीचे जातात नावाला, वाटेला आणि सरकारला.

वाट आणि सरकार यांचा हिशेब हुगळीकाठी जुना आहे. जकात भरेपर्यंत आयात माल कुलपात ठेवणारी बाँडेड वेअरहाउस असोसिएशन कलकत्त्यात 1838 मध्येच कायदा करून उभी राहिली. आज हावड्याच्या बाजूला, बॉम्बे रोडच्या दुतर्फा, धूलागडपासून पुढे गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. पण फ्रेंच वाइनचं नशीब त्यामुळे फारसं उजळलेलं नाही. आपल्याकडे वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क राहिलं. समजा, बंदरात बाटली 500 रुपयांना पडली, तर शुल्कानंतर ती 1250 ची झाली. वर राज्याचं उत्पादनशुल्क, घाऊकवाल्याचा आणि दुकानदाराचा नफा. म्हणून भारतातल्या दुकानात ‘स्वस्त फ्रेंच’ म्हणून जी बाटली दिसते, ती फ्रान्समधली सर्वांत साधी वाइन असण्याची शक्यता दांडगी. त्याच पैशात नाशिक किंवा अकलूजची बरी वाइन येते. महाराष्ट्राने जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू द्यायचं ठरवलं होतं; विरोध झाला आणि ते बारगळलं.

म्हणून गोदामछाप दुकानातून फ्रेंच वाइन उचलण्याचं सुख खऱ्या अर्थाने मिळतं ते अमेरिकेतल्या मराठी घरांना. कॉस्टकोचं पहिलं गोदाम 1983 मध्ये सिअ‍ॅटलला उघडलं. तिथे सजावट नाही, माल लाकडी फळ्यांवर रचलेला, आणि एकंदर वस्तू सुमारे चार हजारच, साध्या सुपरमार्केटच्या कितीतरी कमी. नफा मालावर जेमतेम 14-15 टक्के ठेवायचा आणि कमाई सभासदांच्या वर्गणीतून करायची, हे तिथलं गणित. वाइनच्या धंद्यात ते क्रांतिकारक ठरलं, कारण इथे नावापायी वाटेल तो नफा लावायची पद्धत. मळेवाल्यांकडून घेऊन स्वतःच्या कर्कलंड सिग्नेचर नावाने विकलेली शातोनफ-द्यु-पापसुद्धा तिथे दिसते. मात्र अमेरिकेतही दारूचे कायदे राज्यागणिक वेगळे. प्रत्येक कॉस्टकोत वाइन असेलच असं नाही.

मग रांगेसमोर उभं राहून काय बघायचं? गाव. फ्रान्समध्ये 1935 पासून कायदाच आहे की लेबलावर गावाचं नाव टाकायचं तर द्राक्ष तिथलंच हवं, जात ठरलेली हवी, एकरी उतारा मर्यादेत हवा. आपल्याला हे देवगड हापूसमुळे चटकन समजतं: पेटीवरच्या नावाचा भाव वेगळा आणि हद्दीबाहेरच्या, तितक्याच गोड आंब्याचा वेगळा. बोर्दोतलं पोमरोल गाव घ्या. पेत्र्यूस या मळ्यामुळे ते जगातल्या महागड्या गावांपैकी एक. त्याच्या उत्तरेला बार्बान नावाचा एक नाला वाहतो. नाल्यापलीकडे लालांद-द-पोमरोल. द्राक्ष तेच, मर्लो, हवा तीच, मातीत थोडा फरक, किमतीत मात्र जमीन-अस्मान. सँ-एमिलियाँच्या शेजारचं कास्तियाँ, जवळचंच फ्राँसाक, यांचीही तीच कथा.

ऱ्होन खोऱ्यात तर गावांना चक्क बढत्या मिळतात. साध्या ‘कोत द्यु रोन’च्या वर ‘विलाज’ची पायरी आणि तिच्याही वर स्वतःच्या नावाने विकण्याचा मान. जिगोंदासला तो 1971 मध्ये मिळाला, व्हाकेरासला 1990 मध्ये, केराँनला 2016 मध्ये. मान मिळाला की भाव चढतो. म्हणून अजून रांगेत उभी असलेली नावं शोधावीत: सेग्युरे, साब्ले, प्लाँ-द-द्यू. मटणाच्या झणझणीत रश्श्यालाही ग्रनाश द्राक्षाची ही वाइन दबत नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त कीव येते बोजोले या मुलखाची. तिथलं गामे द्राक्ष बर्गंडीच्या ड्यूकने 1395 मध्येच हलकं म्हणून आपल्या मुलखातून हद्दपार केलं होतं आणि ती बदनामी अजून पुसलेली नाही. पण याच बोजोलेत मोर्गों आणि मुलँ-आ-व्हाँ असे दहा नावाजलेले भाग आहेत, ज्यांच्या लेबलावर बोजोले हा शब्द बहुधा नसतोच. माहीत नसलेला माणूस तिथून पुढे जातो. आपण थांबायचं.

फसवे शब्दही ओळखून ठेवावेत. ‘ग्राँ व्हँ’ म्हणजे थोर वाइन, ‘व्हिएय व्हीन्य’ म्हणजे जुन्या वेली. किती थोर, किती जुन्या, हे कायदा सांगत नाही. ‘मीझाँ बुतेय ओ शातो’, म्हणजे मळ्यावरच बाटलीत भरलेली, याला मात्र अर्थ आहे.

आणि उष्णता. देस्तुर्नेलच्या पिंपांना मानवली म्हणून आपल्या बाटलीला मानवेल असं समजू नये. आजची नाजूक वाइन त्या काळच्या मिश्रणासारखी प्रवासाला घडवलेली नसते. बूच वर सरकलेलं, झाकणाखाली चिकट ओघळ, मानेतली पातळी खाली गेलेली, यातलं काहीही दिसलं तर बाटली परत ठेवावी. भारतात आयातदाराच्या चिकटपट्टीवर बहुतेकदा आयातीचा महिना छापलेला असतो, तो जरूर वाचावा. आणि दुकानदाराला विचारावं, दुपारी वीज गेली की तुमच्या मागच्या खोलीतला एसी चालू राहतो का.