डुकरिणीच्या पोटीं गर्भ धरतो कसा

डुकरीण माजावर आली, नर दाखविला, आणि तीन आठवड्यांनीं ती उलटली. किंवा गाभण राहून ११४ व्या दिवसाच्या सुमारास व्याली खरी, पण पिलें मोजून पांचच. अशा वेळीं दोष नरास किंवा नशिबास देण्याची चाल आहे. परंतु पुष्कळदां बीज फळलेलें असतें; तें गर्भाशयाच्या भिंतीस धरून राहत नाहीं. फळलेल्या बीजांपैकीं शेंकडा २० ते ४० जन्मापूर्वींच नाश पावतात, व त्यांतील बहुतेक पहिल्या महिन्यांत. नुकसानीचा हा काळ पाळणाऱ्यास ओळखतां यावा, म्हणून हें धरणें कसें घडतें तें आम्ही येथें सांगतों.

डुकरिणीचें ऋतुचक्र सुमारें २१ दिवसांचें असून माज दोन-तीन दिवस टिकतो. माजांत बीजें सुटलीं, कीं त्यांच्या जागीं बीजकोशावर पिवळ्या गांठी बनतात व त्यांतून प्रोजेस्टेरॉन नांवाचा स्राव रक्तांत उतरूं लागतो. इकडे फळलेलीं बीजें दोन-तीन दिवसांत गर्भाशयांत येतात, पण लागलीच चिकटत नाहींत. स्त्रीच्या गर्भाप्रमाणें डुकरिणीचा गर्भ भिंतींत रुतत नाहीं. तो केवळ पृष्ठभागास चिकटून वाढतो. म्हणून या चिकटण्याचें महत्त्व फार.

भिंतीच्या वरच्या पेशींवर म्यूसिन नांवाच्या बुळबुळीत द्रव्याचें आवरण असतें. माजाच्या वेळीं तें दाट असतें; तें रोगजंतूंस अडवितें, तसेंच गर्भासहि चिकटूं देत नाहीं. त्याखालीं इंटेग्रिन नांवाचीं प्रथिनें असतात. इंटेग्रिनाचें एक टोंक पेशीच्या आंत गुंतलेलें व दुसरें बाहेर आलेलें असतें. जणूं दाराची कडीच. प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुमारें दहा दिवस चालला, कीं म्यूसिन विरळ होतें व कड्या उघड्या पडतात. अमेरिकेंतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ११ ते १५ या दिवसांत कांहीं इंटेग्रिनें वाढलेलीं आढळलीं. डुकरीण फळलेली नसली तरीहि हा बदल होतो. घर दर खेपेस सारविलें जातें, पाहुणा येवो वा न येवो.

आतां गर्भाची बाजू पाहूं. दहाव्या दिवसापर्यंत गर्भ मण्यासारखे वाटोळे असून गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांतून हिंडतात व आपसांत अंतर राखून जागा घेतात. ११-१२ व्या दिवशीं सुमारें एक सेंटिमीटरचा गोळा भराभर दोऱ्यासारखा लांबतो. १६ व्या दिवसापर्यंत त्याची लांबी मीटरभर होऊं शकते. याच वेळीं गर्भ ईस्ट्रोजेन सोडतो. त्याचीं कामें दोन. पिवळ्या गांठी मोडणारें प्रोस्टाग्लँडिन तें रक्तांत जाऊं न देतां गर्भाशयाच्या पोकळींतच वळवितें. आणि त्याच्या योगानें भिंतीच्या पेशी ऑस्टिओपाँटिन हें प्रथिन सोडूं लागतात. हें प्रथिन मातेच्या व गर्भाच्या इंटेग्रिनांत अडकून दोहोंमध्यें दुवा सांधतें. सुमारें १३ व्या दिवसापासून चिकटणें सुरू होऊन पुढील आठवडा-दीड आठवड्यांत तें पक्कें होतें. निदान चार गर्भ नसले तर हा निरोप अपुरा पडतो व डुकरीण बहुधा उलटते.

यावरून पाळणाऱ्यानें काय घ्यावें? पहिली गोष्ट बुरसट मक्याची. मक्यावरील फ्युझेरियम नांवाच्या बुरशीपासून झिअरालेनोन हें विष तयार होतें व शरीरांत तें ईस्ट्रोजेनासारखें वागतें. नर दाखविल्यापासून ७ ते १० या दिवसांत तें पुरेशा प्रमाणांत पोटांत गेलें, तर निरोप वेळेआधींच पोंचून गर्भाशयाची तयारी बिघडते व सारे गर्भ मरूं शकतात. दाणा वाळवूनच सांठवावा. बुरसलेला असल्या जनावरास घालूं नये.

दुसरी गोष्ट, पहिला महिनाभर डुकरीण दूर हलवूं नये, अनोळखी कळपांत सोडूं नये, व उन्हाळ्यांत तिला सावली आणि मुबलक पाणी द्यावें.

तिसरी, नर दाखविल्याची तारीख वहींत टिपावी व १८ ते २४ या दिवसांत माज रोज पाहावा. त्या मुदतींत उलटली तर बीज फळलें नाहीं, किंवा गर्भाचा निरोप पोंचला नाहीं. परंतु २५ ते ३८ दिवसांनीं उलटली, तर गर्भ राहून मागाहून गेला असें बहुधा समजावें; अशा वेळीं नर बदलण्यापूर्वीं दाणा, गोठा व हाताळणी तपासावी, अशी आमची सूचना आहे.