दमपुख्त मांस व सुका मेवा : पाकविषयक कागदांच्या कालनिर्णयासंबंधीं

जुन्या दप्तरांत पाकक्रियेच्या सुट्या कागदांस सहसा मान मिळत नाहीं. सनदा व महजर जपून ठेविले जातात. मुदपाकखान्याची याद मात्र रद्दींत जाते. वास्तविक अशी यादही नीट वाचल्यास कालनिर्णयास उपयोगी पडते. उदाहरणादाखल सुका मेवा घालून मंद आंचेवर शिजविलेल्या कोंकराच्या मांसाचा प्रकार येथें घेतों.

‘दमपुख्त’ हा शब्द फारसी. दम म्हणजे श्वास आणि पुख्त म्हणजे शिजलेलें. भांड्याचें तोंड कणकेनें लिंपून आंतल्याच वाफेवर पदार्थ शिजवावयाचा, ही त्याची रीत. खांद्याच्या वा मांडीच्या मांसांतील चिवट तंतू प्रखर आंचेवर आकसतात. मंद आंचेवर दोन-अडीच तासांत ते विरघळतात व रस दाट होतो. कांदा तुपांत तांबूस परतून त्यांत आलें, लवंग, वेलची, मिरें व मांस घालावें. पाणी बेताचें असावें. भिजविलेले जर्दाळू शेवटच्या अर्ध्या तासांत घालावे; आधीं घातल्यास ते विरून जातात. बदाम तळून उतरतांना पेरावे. भाईंदरच्या इंद्रलोकासारख्या नव्या वसाहतींत निखारे नसले, तरी जाड बुडाच्या भांड्यांत व बारीक ज्योतीवर हें सर्व साधतें.

आतां प्रमाणांकडे वळूं. अबुल फजलाच्या ‘आईन-ई-अकबरी’मध्यें (सु. १५९०) दमपुख्ताचें साहित्य दिलें आहे : मांस १० शेर, तूप २ शेर, कांदा १ शेर, शिवाय आलें, मिरें, लवंग व वेलची. अकबरी शेर ३० दामांचा, म्हणजे सुमारें ६३० ग्रॅमचा. तेव्हां मांस सव्वासहा किलोंच्या आसपास झालें. या यादींत सुका मेवा मुळींच नाहीं. मनुका, बदाम व पिस्ते प्रत्येकीं अर्धा शेर येतात ते ‘जर्द बिरिंज’ या गोड भातांत. त्यांत १० शेर तांदुळांस ५ शेर खडीसाखर आहे. तेव्हां ‘दमपुख्त’ हें नांव दिसतांच त्यांत मेवा गृहीत धरणें, किंवा मेवा दिसतांच कागद अकबरकालीन ठरविणें, या दोन्ही गोष्टी साधार नव्हेत.

आपल्या किनाऱ्यावरील या जातीचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पारशी घरांतील ‘जर्दाळू साली बोटी’. जर्दाळू हा शब्द फारसी. त्याचा अर्थ पिवळा आलुबुखार. वर पसरावयाची ‘साली’ मात्र बटाट्याची. बटाटा मूळचा अमेरिकेंतला, आणि त्याचें मराठी नांव पोर्तुगीजांकडून आलेलें. म्हणजे एकाच ताटांत दोन निरनिराळे काळ एकत्र आले आहेत. पदार्थाचें आजचें रूप पोर्तुगीज आगमनाच्या, म्हणजे १४९८ च्या, पूर्वीचें असूं शकत नाहीं.

हीच कसोटी मिरचीस लागू पडते. आईनांतील वरील यादींत तिखटपणा मिऱ्यांचा आहे. मोडी कागदांत ‘मिरें’ व ‘मिरची’ हे शब्द घाईनें वाचूं नयेत. त्या एका अक्षरावर निर्णय फिरतो. मिरचीचा उल्लेख असल्यास मजकुराची पूर्वमर्यादा ठरते. नसल्यास कांहींच सिद्ध होत नाहीं. शिवाय नकलकारानें आपल्या काळची चव मूळ यादींत भरली असण्याचा संभव नेहमींच असतो. म्हणून मजकुराचा काळ व नकलेचा काळ वेगळे मांडावे.

तंजावरास सरस्वती महाल ग्रंथालयामुळें दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) काळचें ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ टिकलें. खासगी घरांतील याद्यांस असा आश्रय नाहीं. तरी संग्राहकांनीं पाकविषयक एकही कागद मूळ रुमालापासून वेगळा करूं नये, व तुपाचे डाग पडलेला म्हणून टाकूं नये. तो डाग कागद वापरांत असल्याची साक्षच होय.