डोंगर का खचतो?



पावसाळा तोंडावर आला की सह्याद्रीतल्या पाड्यांवर काम करणाऱ्यांना दोन नावे आठवतातच. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण दरडीखाली गेले. नेहमीचे गाव जागेवर दिसेना, हे एसटीच्या चालकाच्या लक्षात आले, तेव्हा बाहेर बातमी कळली. दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. माळीण प्रामुख्याने महादेव कोळ्यांचे, इर्शाळवाडी ठाकरांची. अशा वेळी आपण ‘देवाची करणी’ म्हणून हळहळतो, प्रार्थना करतो, कपडे आणि धान्य पाठवतो. ते करावेच. पण डोंगर कसा खचतो हे समजले, तर माणसे आधीच हलवता येतात.

सह्याद्री लाव्हारसाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आजही हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लांबून कड्याकडे पाहा, पायऱ्यापायऱ्या दिसतील. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून सपाटी होते.

हा दगड कितीही कठीण वाटला तरी कुजतो. थिजताना आकसल्यामुळे त्याला आधीच चिरा पडलेल्या असतात. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चिरांतून आत शिरते. दगडातली खनिजे हळूहळू बदलून त्यांची चिकणमाती होते. कोपरे आधी झिजतात, म्हणून रस्त्याच्या कापात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतात. दगडाचा मुरूम होतो, मुरमाची माती. हे घडले नसते तर नाचणी आणि वरई पिकली असती कुठे?

माती आणि मुरमाचा हा थर उतारावर, खालच्या कठीण दगडावर नुसता टेकलेला असतो. कणांचे एकमेकांशी घर्षण त्याला धरून ठेवते. ओलसर वाळूचा मुलांनी केलेला किल्ला उभा राहतो; त्यात बादलीभर पाणी ओतले की तो बसतो. डोंगरावर तेच होते. चार-पाच दिवस संततधार लागली की पाणी मुरत मुरत खाली जाते आणि कठीण थराशी, नाहीतर दोन थरांमधल्या तांबड्या चिकण पट्ट्याशी अडते. वरची माती जड होते. आत कोंडलेले पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलते, त्यामुळे पकड सुटते. मग एखादी जोराची सर पुरेशी होते.

लोक विचारतात, आदिवासी अशा जागी राहतात तरी कशाला? उत्तर त्याच दगडात आहे. सच्छिद्र थरातून उतरणारे पाणी कठीण थराशी अडले की डोंगराच्या कुशीतून झरा फुटतो. मऊ थराच्या सपाटीवर घर बांधायला आणि पेरायला जागा मिळते. जिथे पाणी आहे, माती आहे, तिथेच वाडी वसते. आणि माती सुटायलाही तेच पाणी कारण होते. त्यांनी जागा वेडेपणाने निवडलेली नाही.

माणसाचाही हात असतो. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो. माळीणनंतर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली. झाडे असली म्हणजे दरड येत नाही, हा मात्र भाबडा समज आहे. मुळे वरची माती धरतात. त्यांच्या खालची पकड सुटली तर झाडांसकट सगळे खाली येते.

डोंगर बहुधा आधी खुणा देतो. वरच्या उतारावर नवी भेग दिसते आणि ती रुंदावत जाते. झाडे किंवा खांब कलतात. घराच्या भिंतीला तडे जातात, दार अडकू लागते. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, आटते किंवा भलत्याच जागी फुटते. दगड घरंगळल्याचे आवाज येतात. यातले काहीही संततधारेत दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नये. पळताना उताराने सरळ खाली न जाता बाजूला, दरडीच्या वाटेबाहेर जावे. ११२ क्रमांकावर कळवावे.

अडचण वेगळीच असते. शेळ्या, भाताची कणगी आणि म्हातारी माणसे सोडून नुसत्या संशयावर कोण निघेल? म्हणून जागा आधी ठरलेली हवी: सुरक्षित ठिकाणची शाळा किंवा चर्चचा हॉल, आणि शक्यतो शेळ्यांसाठी आडोसाही. जूनच्या आधी पाड्यातल्या जाणत्या माणसांबरोबर वरचा उतार एकदा चालून यावा. भेग कुठे आहे आणि झरा कुठून कुठे सरकला, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. भेग आढळली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातले अंतर मोजून ठेवावे. पाऊस सुरू झाल्यावर दर दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा मोजावे, पण सुरक्षित वाटेने आणि दिवसाउजेडीच. अंतर वाढताना दिसले की मोजणे थांबवून पाडा हलवावा.