रेडिओ गावाचा, बातमी मात्र आकाशवाणीची!

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तरीही सामान्य माणसाच्या हाती माइक येण्यास आणखी अकरा वर्षे जावी लागली. २००२ च्या धोरणानुसार सामुदायिक रेडिओचा परवाना केवळ शिक्षणसंस्थांना मिळू शकत होता. नोव्हेंबर २००६ मध्ये तो स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला.

त्यानंतर 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी'ने २००८ मध्ये मेदक जिल्ह्यात (तेव्हा आंध्र प्रदेश, आता तेलंगण) 'संघम रेडिओ' सुरू केला. त्याची सूत्रे दलित महिलांनी हाती घेतली. बियाणे, आरोग्य, लोकगीते हे विषय त्यांच्याच बोलीत प्रसारित होऊ लागले. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे 'माणदेशी तरंग' हेही याच धोरणाचे फलित.

या केंद्रांची प्रक्षेपणक्षमता सर्वसाधारणपणे १०० वॅट, म्हणजे आवाज आसपासच्या गावांपुरताच. खरी अडचण मात्र वेगळीच आहे. हवामान, वीज-पाणीपुरवठा, परीक्षा यांची माहिती देता येते. पण स्वतःचे वार्तापत्र किंवा राजकीय कार्यक्रम प्रसारित करता येत नाहीत. बातम्या द्यायच्याच, तर त्या आकाशवाणीच्या.

स्वतः कार्यक्रम तयार करणारा श्रोता इतरांचे कार्यक्रमही डोळसपणे पारखू लागतो. माध्यमसाक्षरता म्हणतात ती हीच. मात्र गावच्या कारभाराविषयी गावानेच प्रश्न विचारावा, एवढी मोकळीक या लहरींना अद्याप मिळालेली नाही.