अस्थानी गर्भ : काही विरळ प्रकार व त्यांवरील उपचार

गर्भाशयाच्या पोकळीत न रुजता गर्भ अन्यत्र रुजला, म्हणजे त्यास अस्थानी गर्भ म्हणतात. अशा शंभर गर्भांपैकी नव्वदांहून अधिक बीजवाहिनीत आढळतात. पाळी चुकलेली, ओटीपोटात एकाएकी कळ, घेरी आणि रातोरात शस्त्रक्रिया, ही हकीगत श्रोत्यांपैकी अनेकांच्या कानांवर आली असेल. बर्मिंगहॅम येथे लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये अशी फुटलेली नलिका काढून रुग्णेस वाचविले, आणि तेव्हापासून या प्रकाराच्या उपचाराची वाट मळलेली आहे. आजचा विषय उरलेल्या थोड्यांचा. तेथे वाट तितकी सरळ नाही.

यातील सर्वांत फसवा प्रकार म्हणजे सिझेरियनच्या जुन्या व्रणात रुजलेला गर्भ. वैद्यकीय वाङ्मयात त्याची पहिली नोंद १९७८ ची आहे. आपल्या देशात सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ८.५ होते, ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २१.५ झाले. तेलंगणात तर ते साठाच्याही वर गेले. व्रण वाढले, तेव्हा हा प्रकारही वाढणारच. सोनोग्राफीच्या अहवालात ‘गर्भ पिशवीत आहे’ एवढे वाचून घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु पिशवीत नेमका कोठे, हा खरा प्रश्न आहे. व्रणाची भिंत कागदासारखी पातळ असू शकते. त्या ठिकाणी नेहमीचे क्युरेटिंग केले, तर रक्तस्राव आवरेनासा होऊन पिशवीच काढावी लागण्याचा प्रसंग येतो.

मग करावे काय? सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गर्भ हलक्या हाताने शोषून घेणे, किंवा शस्त्रक्रियेने तो काढून व्रण पुन्हा शिवणे, हे मुख्य मार्ग आहेत. मेथोट्रेक्सेट हे औषध सुईने थेट गर्भकोशात देता येते. मात्र केवळ दंडात वा कमरेत दिलेल्या इंजेक्शनवर विसंबू नये, असे अमेरिकेतील माता-गर्भ वैद्यक संस्थेने २०२० मध्ये सुचविले. गर्भाचे ठोके चालू असता नुसती वाट पाहण्यासही तिचा विरोध आहे, कारण पुढे वार स्नायूत खोल रुतते. तरीही गर्भ ठेवण्याचा निर्णय एखादी स्त्री घेते. तिला हे सारे आधी स्पष्ट सांगणे, हे मी डॉक्टरचे पहिले कर्तव्य मानतो.

बीजवाहिनीचा जो भाग गर्भाशयाच्या स्नायूतून जातो, तेथे रुजलेला गर्भ काहीसा उशिरा फुटतो, पण फुटला की रक्त धो धो वाहते. मेथोट्रेक्सेटचा अस्थानी गर्भावरील पहिला यशस्वी प्रयोग याच प्रकारात, जपानमध्ये झाला. तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर निदान झाल्यास आजही ते देता येते, अन्यथा तो कोपरा दुर्बिणीतून कापून शिवावा लागतो. गर्भाशयाच्या ग्रीवेतील गर्भासाठी पूर्वी पिशवी काढणे हाच बहुधा शेवट असे. आता औषध, रक्तवाहिनी आतून बंद करणे आणि फुग्याचा दाब यांनी ती पुष्कळदा वाचते. अंडाशयातील गर्भ मात्र बहुधा शस्त्रक्रियेनेच, अंडाशय राखून काढतात.

एक गर्भ जागी आणि दुसरा अस्थानी, असे जुळेही क्वचित संभवते; नळीतील बीजफलनाच्या उपचारानंतर अधिक. तेथे मेथोट्रेक्सेट चालत नाही, कारण ते जागच्या गर्भालाही मारील. पोटाच्या पोकळीत वाढलेल्या गर्भाची शस्त्रक्रिया करताना वार आतड्यांना चिकटलेली असेल, तर ती ओढून काढण्यापेक्षा तशीच सोडणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

औषधाचा मार्ग निवडला, तर इंजेक्शननंतर चौथ्या व सातव्या दिवशी रक्तातील संप्रेरक मोजतात. त्यानंतरही ते शून्यावर येईपर्यंत तपासणी चालते, आणि यात कित्येक आठवडे जातात. या काळात फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, कारण औषधाचे काम त्या निष्फळ करतात. सासूबाई प्रेमाने त्या चालूच ठेवतात, म्हणून मुद्दाम सांगितले. पुढील गर्भधारणा निदान तीन महिने लांबवावी, आणि ती राहिल्यावर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भाची जागा पाहून घ्यावी. सिझेरियन झालेल्या प्रत्येक स्त्रीसही मी हेच सांगतो.